दुसऱ्यांदा पाहिलेला सिनेमा



सिनेमा शिकायला येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो : आवडता सिनेमा कोणता? याची उत्तरं मुलं तयार करूनच येतात. कुणी परदेशी दिग्दर्शकांची नावं पाठ केलेली असतात, तर कुणी धीर करून जत्रेतल्या तंबूत पाहिलेल्या मारधाडपटाचं नाव घेतं. नावावरून मी काही ठरवत नाही. मी विचारतो, तो पुन्हा पाहिलास का, आणि पाहिलास तर कशासाठी? इथे मूल जरा थांबतं. मग जे बोलतं, त्यातून ते मूल कळायला लागतं.

आज मला जे मांडायचं आहे ते यातूनच आलेलं आहे. सिनेमा आवडणं निराळं आणि सिनेमाने माणसाला अभ्यासाला बसवणं निराळं. आवडलेला सिनेमा आपण मनात घेऊन घरी येतो. अभ्यासाला बसवणारा सिनेमा आपल्याला परत ओढून नेतो, आणि त्या खेपेला गोष्टीत काय होणार याची उत्सुकता उरलेली नसते. हे यांनी केलं कसं, हा प्रश्न डोक्यात असतो. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो : हे आपल्याकडे, आपल्या माणसांना घेऊन करता येईल का? पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंत जो पोचतो, त्याला मी विद्यार्थी म्हणतो. त्याचं वय काहीही असो.

आपल्या देशातला असा पहिला विद्यार्थी चाळिशीचा होता. धुंडिराज गोविंद फाळके. त्यांना आपण भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो, त्यांच्या नावाने देशातला चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च पुरस्कार देतो. पण शिकणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचा काळ सगळ्यांत मोलाचा वाटतो.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी हा अनुभव सांगितला आहे. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. त्यानंतर काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही. फाळक्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला आणि पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखवला. मग त्यांनी सिनेमाचं सामान, किंमतपत्रकं आणि पुस्तकं जमवायला सुरुवात केली.

तोवर हा माणूस बरंच काही शिकून बसला होता. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, शिलामुद्रण, शिवाय जादूचे प्रयोग. प्रकाश, रसायनं आणि नजरबंदी, तिन्हींची उत्तम जाण होती. छापखान्याच्या भागीदारीतून ते नुकतेच बाहेर पडले होते आणि घरात मिळकत नव्हती. अशा वेळी त्यांनी रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे पाहायचा नेम धरला. उरलेला वेळ प्रयोगांत जायचा. झोप अशी नव्हतीच. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि ते पुन्हा कामाला लागले. या ठिकाणी मी वर्गात नेहमी थांबतो. आपण सिनेमाला दृश्यकला म्हणतो. ती शिकण्यासाठी पहिल्याच विद्यार्थ्याने डोळे पणाला लावले होते.

पुढे आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे ते इथून वर्गणीदार होते; त्याच्या कचेरीची पाटी दिसताच सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी त्यांना सिसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत पाठवलं. हेपवर्थ त्या काळातले नावाजलेले निर्माते होते. त्यांनी हातचं राखून न ठेवता स्टुडिओचे सगळे विभाग दाखवले. फाळके विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला कडेने छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन परतले.

परतल्यावर त्यांनी काय केलं? हरिश्चंद्राला लगेच हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराहून अधिक काळ हे चाललं. ते सगळं सलग दाखवल्यावर मातीतून कोंब वर आला, सरळ झाला, पानं फुटली आणि मिनिटभरात वेल उभी राहिली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट. आज मोबाइलमध्ये बटण दाबलं की हे होतं आणि त्याला आपण टाइम-लॅप्स म्हणतो. पण या निवडीकडे नीट पाहा. नट नकोत, पोशाख नकोत, उन्हाचा एक कोपरा आणि धीर एवढं असलं की भागतं. शिवाय सिनेमातली सगळ्यांत मूलभूत गोष्ट त्यातून हाताला लागते : पडद्यावरचा काळ घडवावा लागतो. माझ्या मते भारतातली पहिली विद्यार्थी-फिल्म हीच. आणि ही फिल्म दाखवूनच त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज उभं केलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला, हे आपल्याला ठाऊक आहेच.

या अभ्यासाला आणखी एक विद्यार्थी होता. सरस्वतीबाई. कच्च्या फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, रसायनं तयार करणं, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, ही कामं त्यांनी केली, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. छिद्रं पाडायचं काम अंधारात करावं लागतं, कारण कच्च्या फिल्मला उजेड लागला की ती वाया जाते. म्हणजे दिवसभराची कामं आटोपल्यावर या बाई अंधारात बसून स्पर्शाने ते यंत्र चालवायच्या. आपल्या इतिहासात त्यांची बोळवण ‘पतीला साथ देणारी पत्नी’ अशी होते. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या तंत्र शिकल्या होत्या, आणि ज्या काळात ते शिकवणारं एकही विद्यालय देशात नव्हतं त्या काळात शिकल्या होत्या.

आता चाळीस वर्षं पुढे जाऊ. १९५० साली कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीने आपल्या तरुण चित्रकाराला लंडनच्या कचेरीत पाठवलं. सत्यजित राय. त्या मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले आणि अगदी सुरुवातीलाच पाहिला तो व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’. त्याने आपल्याला दिग्दर्शक व्हायला लावलं, असं राय पुढे आयुष्यभर सांगत राहिले. परतीच्या बोटीवर ‘पथेर पांचाली’ची जुळवाजुळव सुरू झाली.

पण राय एका संध्याकाळीत विद्यार्थी झाले नव्हते. १९४७ मध्ये मित्रांसोबत त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली होती. त्याही आधीपासून त्यांना एक सवय होती. एखाद्या कादंबरीवर चित्रपट निघतोय असं जाहीर झालं की त्या कादंबरीची पटकथा ते स्वतः लिहून ठेवत. मग चित्रपट लागला की पाहायला जात आणि दिग्दर्शकाने काय केलं ते आपल्या पटकथेशी ताडून पाहत. हा अभ्यास मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. त्याला फी लागत नाही, कॅमेरा लागत नाही. आणि अशी तयारी असलेल्या माणसापुढे योग्य सिनेमा येतो तेव्हा काय घडतं, ते ‘पथेर पांचाली’ने १९५५ मध्ये दाखवून दिलं.

‘बायसिकल थीव्ज’मध्ये असं आहे तरी काय? गोष्ट चार ओळींची आहे. महायुद्धानंतरचं रोम. बेकार अंतोनियोला भिंतींवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते, पण तिला सायकल हवी, आणि सायकल गहाण पडलेली. ती सोडवतात, पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते, आणि बाप-लेक शहरभर ती शोधत हिंडतात. बाप झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता.

मला यातली एक जागा तुमच्यासमोर सावकाश मांडायची आहे. सायकल सोडवायला पैसे हवेत, म्हणून अंतोनियोची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते. लग्नातल्या चादरी आहेत. त्या घेऊन दोघं गहाणाच्या दुकानात जातात. खिडकीपलीकडचा माणूस पैसे देतो, आणि सोडवलेली सायकल घ्यायला अंतोनियो पुढच्या खिडकीशी उभा राहतो. तिथून त्याला दिसतं की दुकानातला नोकर आपल्या चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढतोय. मांडणीत तशीच गाठोडी रचलेली. तो चढत राहतो, कॅमेरा त्याच्यासोबत वर जातो, गाठोडी संपत नाहीत. पार वरच्या खणात तो हे एक गाठोडं ठेवतो.

या शॉटमध्ये एक शब्दही नाही. पहिल्यांदा पाहताना आपण सायकल मिळाली या आनंदात असतो आणि हा शॉट निसटून जातो. पुन्हा पाहताना तो आपल्याला धरून ठेवतो. एका घरची अडचण सांगता सांगता दिग्दर्शकाने अख्ख्या शहराची सांगितली. किती घरांतली माणसं आज उघड्या गादीवर झोपणार, ते त्या माणसाच्या चढण्यातून कळलं. भाषण नाही, संगीताचा आरडाओरडा नाही. एक माणूस, एक उंच मांडणी आणि कॅमेरा कुठे थांबवायचा याचं भान. ज्याच्या हे लक्षात येतं, त्याच्या हेही लक्षात येतं की अशी मांडणी आपल्या बाजारपेठेतल्या सावकाराच्या पेढीतही असेल. १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात हा चित्रपट दाखवला गेला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. हा योगायोग खासच नव्हता.

फाळके आणि राय यांना शिक्षक नव्हते. १९६० मध्ये पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. दोन्ही संस्थांबद्दल बोलताना इमारतींपेक्षा मला माणसं आठवतात. प्रा. सतीश बहादूर आग्ऱ्याला अर्थशास्त्र शिकवत आणि फिल्म सोसायटी चालवत. तिथून ते पुण्यात रसग्रहण शिकवायला आले. कवितेचं किंवा बंदिशीचं रसग्रहण होतं, तसं चित्रपटाचंही शिस्तीने करता येतं, हे त्यांनी पिढ्यांना दाखवलं. मानसशास्त्राच्या अभ्यासक श्यामला वनारसे यांनी त्यांच्यासोबत ते काम पुढे नेलं. आणि पी. के. नायर! हा माणूस चित्रपटांची रिळं गोळा करत देशभर हिंडला. फाळक्यांच्या चित्रपटांचं जे काही आज आपण पाहू शकतो, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. नायर नसते तर आज मी तुमच्यासमोर फाळक्यांबद्दल फक्त ऐकीव बोललो असतो.

रसग्रहणाच्या वर्गात ‘पथेर पांचाली’तला एक प्रसंग हटकून घेतला जातो. हरिहर बऱ्याच दिवसांनी परगावाहून परततो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो उत्साहाने एकेक वस्तू काढून दाखवतो : पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि मग दुर्गासाठी आणलेली साडी. त्याची बायको सर्वजया ती साडी हातात घेते आणि कोसळते. वर्गात हा भाग संपला की मी विचारतो, तिचं रडणं कसं वाटलं? मुलं सांगतात : अंगावर आलं, छाती फाडणारं होतं. मग आम्ही तो भाग परत लावतो. तिचं रडणं ऐकूच येत नाही. तोंड उघडतं आणि तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाईचा चढा सूर येतो. मुलं एकमेकांकडे बघतात. आपण जे ऐकलं अशी खात्री होती, ते ध्वनिपट्टीवर नव्हतंच. ते आपण आत ऐकलं होतं. त्या दुपारनंतर वर्ग पहिल्यासारखा राहत नाही. मुलं शांतपणे वही काढतात आणि पुन्हा लावा म्हणतात.

हे फक्त पुण्याच्या किंवा कलकत्त्याच्या मुलांना कळतं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने हेग्गोडू आठवावं. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातलं हे छोटं खेडं. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या निनासम संस्थेने तिथे शेतकऱ्यांना, सुपारीच्या बागांत राबणाऱ्यांना जगातले उत्तमोत्तम चित्रपट दाखवले. बहादूर आणि नायर रिळं घेऊन तिथे जात.

आणि हेच काम आपल्या गावात ज्यांनी केलं, त्यांच्या स्मरणासाठी आपण आज जमलो आहोत. आमचे सर शाळेत विज्ञान शिकवत. पुण्याहून संग्रहालयाच्या १६ मिलिमीटरच्या फिल्मचे डबे एसटीच्या पार्सलने यायचे आणि ते सोडवायला सर स्वतः स्टँडवर जायचे, सायकलला डबे बांधून आणायचे. शाळेच्या सभागृहातली एक भिंत त्यांनी चुन्याने पांढरी करून घेतली होती. खेळ चालू असताना फिल्म तुटली की दिवे लावून सर सगळ्यांच्या देखत ती जोडायचे. आम्हा मुलांना त्यात भारी गंमत वाटायची. बोटभर पट्टीवर तेच चित्र ओळीने छापलेलं आणि प्रत्येकात एवढासा फरक. सिनेमा म्हणजे काय, ते मी त्या पट्टीकडे पाहून शिकलो.

त्यांचा एक नियम होता. खेळ संपल्यावर प्रत्येकाने आपण पाहिलेली एक गोष्ट सांगायची आणि मगच घरी जायचं. मत द्यायचं नाही. ‘छान होता’ चालायचं नाही. ‘पथेर पांचाली’नंतर ‘म्हातारी इंदिर आत्या उरलेलं पाणी झाडाला घालते’, असं सांगितलं की सर मान हलवायचे. आमच्यात शिंप्याचा मुलगा होता, त्याला नेहमी कपडे दिसायचे. कुठल्या पात्राची बाही उसवली आहे ते तो सांगायचा आणि आम्ही थक्क व्हायचो. प्रत्येकाला आपल्या घरातून आलेली एक नजर असते, हे सर ओळखून होते. ती नजर त्यांनी कुणाला बदलायला सांगितली नाही.

आज मी ज्यांना शिकवतो, त्यांतली पुष्कळ मुलं खेड्यांतून येतात. त्यांच्या मुलाखतींत एक नाव वारंवार ऐकू येतं : नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा मुलगा अहमदनगरला संज्ञापन शिकायला गेला आणि शिकता शिकता त्याने ‘पिस्तुल्या’ केला. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१३ मध्ये ‘फँड्री’ आला. मुलं ‘फँड्री’बद्दल बोलतात तेव्हा सुरुवातीला कथेबद्दल बोलतात, त्यातल्या जब्या या मुलाबद्दल बोलतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘सर, त्यातली घरं आमच्यासारखी होती. अशी घरं पडद्यावर असू शकतात, हे मला माहीत नव्हतं.’ ख्रिस्ताचा चित्रपट पाहताना फाळक्यांना गोकुळ दिसलं होतं. या मुलांना पडद्यावर थेट आपली वस्तीच दिसली. सिनेमाने अभ्यासाला बसवण्याची ताकद इथून येते. चित्रपट जगातला सर्वश्रेष्ठ असण्याची गरज नसते. पाहणाऱ्याला आपली माणसं त्या चौकटीत उभी राहताना दिसली पाहिजेत.

पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण आज ते मोठ्या संख्येने आले आहेत. मुलगी सिनेमा शिकायचं म्हणते, मग पोटाचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. संकलन, ध्वनी, छायालेखन, निर्मितीव्यवस्था, माहितीपट, जाहिरात, शैक्षणिक फिल्म, अशी बरीच कामं या क्षेत्रात आहेत आणि बहुतेक विद्यार्थी त्यांत उभे राहतात. पण त्यांना वेळ लागतो, आणि मधली काही वर्षं ओढाताणीची असतात. हे मी लपवणार नाही. मुलीची ही ओढ खरी आहे की चमकधमकीची, हे कळण्यासाठी तिला घरातच विचारा की तिने कोणता सिनेमा पुन्हा पाहिला आणि त्यात तिला काय सापडलं. ती अर्धा तास बोलायची थांबतच नसेल, तर तिच्या वाटेत येऊ नका.

मुलांच्या हातात आज कॅमेरा आहे, हवा तिथे सिनेमा थांबवता येतो, मागे नेता येतो. ज्यासाठी फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, ते सगळं त्यांच्या खिशात आहे. त्यांच्याजवळ नाही ती खेळानंतरची बैठक. एकटं पाहायचं, एकटं पुढे सरकवायचं, आणि काय पाहिलंस हे विचारणारं कुणी नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे दुरुस्त करणं अवघड नाही.

म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे. सरांचं चित्रमंडळ पुन्हा सुरू करा. हे सभागृह आहे, पडदा आहे, प्रोजेक्टर तर आता हातात मावतो. महिन्यातला एक रविवार पुरे. वर्षभराच्या चित्रपटांची यादी मी त्यांच्याकडे दिली आहे. पहिलं नाव ‘संत तुकाराम’चं आहे : प्रभातचा १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. इथल्या ज्येष्ठांनी तो पाहिलेला असणार, तेव्हा त्यांनी तर यायलाच हवं. या खेपेला विष्णुपंत पागनीस यांच्याकडे थोडं कमी बघा आणि गौरी यांच्या जिजाईकडे जास्त. ती चालते कशी, चिडते कशी, आजारी पोराला घेऊन थेट देवळात जाऊन विठोबाला जाब विचारते तेव्हा कॅमेरा कुठे आहे, ते टिपून ठेवा. खेळ संपल्यावर दारं लगेच उघडणार नाहीत. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची आहे. लहान मुलांना पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांना आधी बोलू द्या.